पावसाच्या बाटलीतला आकडा

आई,
तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

मंगळवारी सकाळी देवाचं नाव घेऊन हवामान केंद्रावरची पावसाची बाटली उतरवली आणि पाणी तपासलं. आंबटपणा इतका निघाला की यंत्र धुऊन पुन्हा दोनदा मोजलं. आकडा हलेना. टेकडीपलीकडच्या कारखान्याचा धूर हल्ली इकडेच वळतो.

साहेबांना फोन केला. म्हणाले, "पक्षी शिटला असेल बाटलीत. 'नमुना खराब' लिहा."

"साहेब, त्यानं आंबटपणा उतरतो, चढत नाही."

"मग या, माझ्या खुर्चीत बसा!"

मी 'नमुना खराब' लिहिलं. तेव्हापासून प्रार्थनेला बसलो की शब्दच येत नाहीत. खाली शाळेतली पोरं छपरावरून टाकीत उतरलेलं हेच पाणी पितात.

तू काळजी करू नकोस, जेवण वेळेवर होतं. खोकला आहे, पण थोडाच. तुझे गुडघे कसे आहेत? नोकरी गेलीच, तर तुझ्याजवळ येऊन राहीन. दादाला मात्र एवढ्यात सांगू नकोस.

आज सकाळी ते दोन शब्द खोडले, खरा आकडा लिहिला, खाली सही केली आणि त्याची नक्कल शाळेच्या बाईंच्या हातात देऊन आलो.

तुझा,
धाकटा