ढगांचा तास

ती. ताईला,
समोर असतो तर पाया पडू दिलं नसतंस, म्हणून इथूनच नमस्कार.

मी मजेत आहे. वेळेवर जेवतो. एकटं फारसं वाटत नाही, खोलीची खिडकी मोठी आहे. आभाळ बघत बसलो की वाटतं, तू गच्चीवर चादरींना चिमटे लावतेयस.

विषय निवडताना डोकंच चालेना. मग शेजारच्या खोलीतल्या दादाने विद्यापीठाची वेबसाइट दाखवली. तिथे प्रत्येक तास बोटाने उचलून आठवड्यात ठेवता येतो. दोन तास एकाच वेळी आले की लाल होतात. दुपारभर मी आठवडा मांडत आणि मोडत होतो. मंगळवारचा दहाचा तास मात्र हलवला नाही. तो ढगांचा आहे.

पहिल्याच दिवशी बाईंनी पडद्यावर फुलकोबीसारखा वर चढलेला ढग दाखवला. "यावरून काय कळतं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "दोरीवरचे कपडे आत घ्यायचे."

वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "बरोबर. कोणी शिकवलं?"

"ताईने. तिची लॉन्ड्री आहे."

"त्या कुठे शिकल्या?"

माझ्या शाळेपायी तुझी सुटली, हे भर वर्गात कसं सांगू?

आईचा गुडघा कसा आहे? आणि मंगळवारी लॉन्ड्री अजून बंदच असते ना? हा ढगांचा तास वेबसाइटवर कुणालाही घरबसल्या फुकट बघता येतो, फक्त नाव नोंदवावं लागतं. तुझं मी नोंदवलंय, रागावू नकोस. काम काय करता, असंही विचारलं होतं.

मी 'विद्यार्थिनी' लिहिलंय.

तुझा,
ठोंब्या