पडवीतली सरपंच

प्रिय निशात,

परवापासून मी पडवीत बसले आहे, बाहेरची. कुणाला शिवायचं नाही, चूल नाही, विहीर नाही. म्हणून तुला लिहायला सवड मिळाली. तुझ्या अब्बांच्या दुकानातल्या बांगड्या अजून शाबूत आहेत, त्यांना सांग.

गेल्या वर्षी महिला सरपंचांच्या तब्येतीचा अभ्यास करत तू आमच्या गावात आलीस आणि विचारलंस, पदामुळे शरीराला काय त्रास होतो? मी म्हटलं, त्रास शरीराचा नाही, समोरच्या घरातल्या उपसरपंच गुणवंतरावाचा आहे. तू हसलीस. मग मी सांगत गेले आणि तुझं हसू मावळलं. पंचायतीचं छप्पर कोसळल्यापासून ग्रामसभा देवळाच्या मंडपात भरते. मी पडवीत बसले की माझ्याऐवजी सासू घागर घेऊन विहिरीवर जाते. तिच्या हातात घागर दिसली की गुणवंतराव ग्रामसेवकाला गाठून सभा लावतो. वर दारावरून जाताना मोठ्यानं म्हणतो, "काऊन बाई, तब्येत बरी नाई का? बसा निवांत, आमी करून राह्यलो ना." जोड्यानं हाणावं असं तोंड! आणि मी बसून राहत होते. त्या दिवसांत देवाच्या दारात जायचं नाही, हे माझ्याही हाडात भिनलेलं.

अशाच एका सभेत बाळंतपणाच्या खोलीचं काम त्यानं पुढे ढकललं. त्यानंतर माझी धाकटी जाऊ सीता कळा देत देत गोंडपिपरीच्या दवाखान्याच्या वाटेवर बैलबंडीतच जिवानिशी गेली. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. निशात, तू तब्येतीचं सगळं विचारलंस, रागाचं नाही विचारलंस. मला राग आहे. त्याला माफ करायची माझी अजिबात इच्छा नाही.

उद्या पुन्हा सभा आहे. खोलीची जागा त्याला स्वतःच्या धानाच्या गोदामासाठी हवी आहे.

हे पत्र दुपारच्या एसटीनं पाठवते आहे. उद्या सकाळच्या गाडीनं ये. दिवाळीत तूच मला चंद्रपूरला नेऊन पिशवीचं ऑपरेशन करवून आणलंस. गावाला आपण मुतखडा सांगितला. आता मला पाळी येत नाही, हे तुला, मला आणि सासूला ठाऊक आहे. तरी दर महिन्याला मी पडवीत बसते आणि म्हातारी दुखऱ्या गुडघ्यांनी, त्याला दिसेल अशी, घागर उचलते. सीता तिचीही सून होती. उद्या मी न्हाऊन, देवाला नमस्कार करून माझ्या खुर्चीवर बसणार. देवाशी माझं भांडण नाही. गुणवंतराव ओरडेल, बाई बाहेरची आहे! तेव्हा साऱ्या गावासमोर, त्याच्या बायकोसमोर मी विचारणार आहे, "गुणवंतराव, माह्ये दिवस तुमी काऊन मोजून राह्यले?" तो काय उत्तर देतो ते लिहून घ्यायला तू तिथं हवीस. आणि अभ्यासात माझं नाव बदलू नकोस. त्याचंही नको.

तुझीच, वाट बघणारी,
भागीरथा