आबांच्या गाडीचा वायपर

मंगळवार, संध्याकाळ. भवानीनगर

सुटलो बाबा एकदाचा! दुपारी शेळगावच्या आबांना छातीठोकपणे सांगून बसलो होतो, "वायपरची मोटर जळलीय." कशाच्या जिवावर? टेस्ट लाइट मोटरपाशी पेटला, म्हणजे करंट येतोय, मग मोटरच गेली असणार. वीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करून ही अक्कल! आबांचं तोंडच उतरलं. उद्या सकाळी काकूंना डोळ्याच्या ऑपरेशनला बारामतीला न्यायचंय आणि पाऊस दोन दिवस हटत नाही.

मोटर खोलायच्या आधी सहज बॅटरीच्या निगेटिव्हवरून एक वायर तिच्या बॉडीला लावली. वायपर फिरला! म्हणजे अर्थिंगच नव्हतं; करंट येत होता, पण परत जायला वाट नव्हती. अर्थिंगची वायर धरत गेलो, तर ती बॉनेटच्या कडेच्या बोल्टला. त्याच बोल्टवर पंचशील झेंड्याची दांडी, धम्मचक्र दिनाच्या आदल्या दिवशी मीच बसवलेली. रंगाला ओरखडा नको म्हणून वायरीखाली रबरी वॉशर घातला होता. मीच. तरी इतके दिवस बोल्टमधून अर्थिंग मिळत होतं, तोही पावसानं गंजला.

वॉशर खिशात घालून गप बसावं, असं क्षणभर वाटलंच. इथं खोटं कशाला लिहू? पण आबांच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

आबा म्हणाले, "मोटर चांगली हाय न्हवं? मग झालं. झेंडा तेवढा दुसऱ्या बोल्टला लाव."

लावला. जुना बोल्ट घासून वायर थेट पत्र्याला कसली. भर पावसात काच पुसत गाडी गेली.

वॉशर आबांनी मलाच परत दिला. टेस्ट लाइटच्या वायरीत ओवून ठेवलाय.