कारकुनाच्या आधी दारवान

शनिवार, २४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

कशी आहेस हे विचारत नाही. तू 'ठीक' म्हणणार आणि मी ते खरं मानल्यासारखं करणार. त्यापेक्षा चिमणीचं सांग. दुसरा दात पडला का? परवा पहिल्या दाताची फट दाखवायला तिने फोन इतका तोंडाजवळ नेला की मला नुसता अंधार दिसला आणि त्यातून तिचा आवाज आला, "आत्या, दिसतंय का?" मी म्हटलं, दिसतंय.

फोन सोडून कागद कशाला, असं म्हणशील. सध्या मला आमच्या मशीनमधून जाणाऱ्या कुठल्याच गोष्टीवर विश्वास ठेवावासा वाटत नाही. कागद निदान मध्ये कोणी खाल्ला तर तुकडे तरी राहतात.

माझं बरं चाललंय. विशेष काही नाही. ऑफिसात नवी खुर्ची मिळाली, ती उजवीकडे कलते, म्हणून संध्याकाळपर्यंत मीही कलते. जेवते वेळेवर. जवळजवळ वेळेवर.

दादाला जाऊन आज सोळा दिवस झाले. तू फोनवर म्हणालीस ते डोक्यातून जात नाही. "दार अडकलं, गॅस सुटला, ते नशीब म्हणेन. पण बटण हाताच्या अंतरावर होतं गं! एकदा दाबलं असतं तर माणसं धावली असती. हा माणूस झोपला होता. मला त्याचा इतका राग येतो, आणि रागवायला माणूसच नाही."

मी तेव्हा 'हं' म्हटलं. आठवतंय? नुसतं 'हं'.

चौकशीचं काम चालू आहे, त्यात विशेष काही नाही. तू शिवणकाम सुरू केलंस हे बरं केलंस. मशीनचा आवाज घरात असलेला चांगला. चिमणीला माझ्याकडून फटीवर एक पापा.

बाकी विशेष काही नाही.

तुझी नणंद


शुक्रवार, २ मार्च

प्रिय वहिनी,

तुझी चिठ्ठी मिळाली. एकच ओळ! "तीन वेळा 'विशेष काही नाही' लिहिलंस, आता जे विशेष आहे ते लिही." शिवणारी बाई ती शिवणारी बाई. उसवलेला टाका लांबूनच दिसतो तुला.

लिहिते. आधी माझं काम समजून घे, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

दादाच्या शीतगृहात प्रत्येक खोलीच्या दाराशी आतल्या बाजूला एक डबा असतो, माहीत आहे तुला. त्यात थर्मामीटर आणि ते लाल बटण. डबा सतत छोटे छोटे निरोप पाठवतो. इतकं इतकं थंड आहे. इतकं इतकं थंड आहे. बटण दाबलं की वेगळा निरोप जातो. हे सगळे निरोप आमच्या मशीनवर येतात, आणि तिथून कंट्रोल रूममध्ये घंटा वाजते.

मशीनच्या पोटात एक आतली खोली असते, कर्नल म्हणतात तिला. तिथे साध्यासुध्या प्रोग्रामला प्रवेश नाही. पण अगदी चिमुकले प्रोग्राम तिच्या उंबऱ्यावर बसवता येतात, एकामागे एक, रांगेने. निरोप आला की पहिला त्याला बघतो. 'पुढे जा' म्हणाला तर दुसऱ्याकडे जातो, मग तिसऱ्याकडे. पहिलाच 'टाकून दे' म्हणाला तर खेळ खलास. मागच्यांच्या लेखी तो निरोप आलाच नव्हता. हरवला असंसुद्धा नाही. नव्हताच.

आमच्या रांगेत तिघं आहेत. कारकून आलेलं सगळं नोंदवतो. घंटावाला बटणाचा निरोप दिसला की घंटा वाजवतो. आणि दारवान, एखादा डबा बिघडून सारखी बडबड करायला लागला की त्याला गप्प करतो. त्या डब्याचं सगळंच टाकून देतो. बसवण्याआधी मशीन प्रत्येक प्रोग्राम तपासते. हा कधीतरी संपतो ना, नको तिथे हात घालत नाही ना. तो बरोबर आहे का, हे मात्र तपासत नाही. ते तपासणारं कोणी नसतंच.

क्रम असा होता: कारकून, घंटावाला, शेवटी दारवान. सहा तारखेला तो बदलला गेला. दारवान पुढे आला. कारकुनाच्या वह्या बडबडीने भरत होत्या, मशीन हळू झाली होती, वरून ओरडा होत होता. तू कापड आधी भिजवतेस, मग बेततेस. कोणी घाईत आधी बेतलं तर झगा शिवून होईपर्यंत छानच दिसतो ना? पहिल्या धुण्यापर्यंत. तसं.

आठ तारखेला सकाळपासून दुसऱ्या खोलीचं थर्मामीटर बिघडलं होतं. बडबडत होतं. दारवानाने तो अख्खा डबा गप्प केला. आणि ते थर्मामीटर का बिघडलंय ते बघायलाच दुपारी दादा आत गेला.

वहिनी, चौकशीवाल्यांनी कारकुनाची वही पाहिली. वहीत बटण नाही. घंटा वाजली नाही. म्हणून बटण दाबलं नाही. म्हणून झोपला होता. त्यांचं बरोबरच आहे, त्यांना वहीच दाखवली.

पण दारवानसुद्धा एक आकडा ठेवतो. काय काय टाकलं, किती वेळा. तो कोणी बघत नाही, कागदावर उतरत नाही, मशीनच्या आठवणीतच असतो. त्या डब्यासमोर लिहिलेलं होतं: बटण, एक्केचाळीस. पहिलं तीन चाळीसला, शेवटचं तीन अठ्ठावन्नला.

इथे मी पाणी प्यायला उठले होते.

आता जे लिहिणार आहे ते वाचून मला डॉक्टरकडे ने, पण आधी वाच. तो डबा नऊ तारखेला काढून आणला. सेल काढले, प्लास्टिकच्या पिशवीत घालून सील केला, कंट्रोल रूमच्या कपाटात ठेवला. मी स्वतः बघितलंय. आणि नऊ तारखेला दुपारी तीन चाळीसला आकडा बेचाळीस झाला. दहाला त्रेचाळीस. रोज एक, तीन चाळीसला. सुट्टीच्या दिवशीही. मी वायर तपासली, घड्याळ तपासलं, दुसरा कुठला डबा त्याच्या नावाने बोलतोय का तेही बघितलं. नाही. आज दुपारी मी खुर्चीत कलून बसले होते, समोर बासष्ट होते. बघता बघता त्रेसष्ट झाले. काही आवाज झाला नाही.

साहेब म्हणतात, मशीन जुनी झालीय, सोमवारी दुपारी बंद करून पुन्हा चालू करू, सगळं स्वच्छ होईल. होईलच. दारवानाची आठवण तेवढीच असते. बंद केलं की त्रेसष्टही नाहीत आणि एक्केचाळीसही नाहीत.

सोमवारी सकाळी दहाला चौकशीची शेवटची बैठक आहे.

इतकंच. म्हणजे इतकंच नाही, पण आज इतकंच.

तुझी नणंद


रविवार, ४ मार्च, संध्याकाळ

वहिनी,

मागच्या पत्रात मी लिहिलं, क्रम 'बदलला गेला'. आपोआप गेला जसा काही, पाय फुटून. क्रम मी बदलला. दारवान मीच लिहिलाय. साहेब फक्त 'हळू झालंय, काहीतरी कर' म्हणाले होते. मी दारवानाच्या रांगेतल्या आकड्याच्या जागी दुसरा आकडा घातला, पन्नासाच्या जागी पाच, आणि जेवायला गेले. बटणही थर्मामीटरच्याच डब्यातून बोलतं, हे माझ्या लक्षात आलं नाही. चार मिनिटांचं काम. दादाने अठरा मिनिटं बटण दाबलं.

हेही शेवटचं नाही. थांब.

आज दुपारी ऑफिसात गेले. कंट्रोल रूमवर तेच काका होते, जे आठ तारखेला ड्यूटीवर होते. तेव्हापासून ते भेटेल त्याला सांगतात, "माझ्याकडे वाजलं नाही हो," आणि लोक मान हलवतात, तुझ्या 'ठीक'वर मी हलवते तशी.

मला बघून म्हणाले, "रविवारी? घरच्यांनी हाकललं की काय?"

"काका, पावणेचारपर्यंत इथून हलू नका. चहालासुद्धा नाही."

"चहा नाही तर बसू कशाच्या जोरावर?"

"माझ्यासाठी बसा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली. मी त्यांना आकडा दाखवला. चौसष्ट. सगळं सांगितलं, 'मी केलं' धरून. ते म्हणाले, "म्हणजे मी बहिरा नव्हतो." एवढंच. आकडा कागदावर उतरवला, तारीखवार, खाली दोघांनी सह्या केल्या. मग मी क्रम पुन्हा पहिल्यासारखा केला, दारवानाची आठवण पुसली जाणार नाही अशा बेताने. कारकून पुढे, मग घंटावाला, दारवान शेवटी.

तीन एकोणचाळीस झाले. काका घड्याळाकडे बघत नव्हते, कपाटाकडे बघत होते.

तीन चाळीसला घंटा वाजली.

ती घंटा मी कधी ऐकलीच नव्हती, वहिनी. इतकी वर्षं तिच्यासाठी काम करते, पण ऐकली नव्हती. मोठी आहे. बिल्डिंगभर जाते. पाटीवर दिवा लागला: दुसरी खोली, बटण. कारकुनाच्या वहीत ओळ उमटली.

"हा डबा तर कपाटात आहे," काका म्हणाले.

"हो."

"मग हे कोण—"

"काका, 'मिळालं' दाबा."

त्यांच्यासमोर एक बटण असतं, 'मिळालं' म्हणून. ते दाबलं की तिकडे डब्यावर हिरवा दिवा लागतो. अडकलेल्या माणसाला कळतं, ऐकलंय, माणसं निघालीत. त्या दिवशी अठरा मिनिटं तो दिवा लागला नव्हता. काकांनी ते बटण दोन्ही अंगठ्यांनी दाबलं आणि दाबूनच धरलं. घंटा थांबली. मी कपाट उघडलं. सील होतं तसं होतं. पिशवीच्या आत हिरवा उजेड होता, प्लास्टिकच्या सुरकुत्यांवर पसरलेला. सेल बाहेर, वेगळ्या पुडीत. मी पिशवी हातात घेतली नाही. हिंमत झाली नाही. मिनिटभराने तो उजेड गेला.

काका म्हणाले, "बोल काहीतरी त्याच्याशी." मी म्हटलं, "काय बोलू?" ते म्हणाले, "मला काय विचारतेस, तुझा भाऊ आहे." मी काहीच बोलले नाही. म्हणून हे पत्र.

आता शेवटचं. चौकशीवाल्यांनी बारा तारखेला मलाही बोलावलं होतं, बहीण म्हणून. विचारलं, कामावर झोप लागणं शक्य आहे का? 'झोप्या' हे नाव त्याला मीच ठेवलंय, तुला माहीत आहे. शाळेत बाकावर झोपायचा, तुमच्या लग्नात फोटो काढताना उभ्या उभ्या झोपला होता. मी म्हणाले, "तो लहानपणापासून झोपाळूच आहे." ते हळूच हसले, मीही हसले, आणि त्यांनी लिहून घेतलं. तुला जो प्राथमिक अहवाल मिळालाय त्यात 'नातेवाइकांच्या सांगण्यानुसार' आहे ना, ती मी.

मी एक्केचाळीस पहिल्यांदा पाहिले ते नऊ तारखेच्या सकाळी.

वहिनी, बारा तारखेला मला माहीत होतं.

उद्या दहाला मी ते तिथे सांगणार आहे, माझं नाव घेऊन, कागद आणि काका बरोबर घेऊन. मशीन त्यानंतर बंद करोत नाहीतर फोडोत. हे पत्र काकांच्याच हाती देते. ते सकाळी आठच्या आत तुझ्या दारात असतील. त्यांना चहा दे, आज माझ्यामुळे हुकलाय. वाटलं तर त्यांच्याबरोबर ये. मला बघायचं नसेल तर मागच्या रांगेत बस, मी मान वर करणार नाही.

एक गोष्ट मला ठरवता येत नाही, आणि ठरवायचा हक्कही नाही. चिमणीला तू सांगितलंयस की बाबा झोपले होते, त्यांना काही कळलं नाही. आता तिला बाबा जागे होते हे सांगायचं का, ते तू बघ. पण तुला स्वतःला त्याच्यावर रागवायचं असेल तर थांब. तो राग माझा आहे, इतके दिवस चुकीच्या माणसाकडे जात होता.

दादा झोपला नव्हता.

त्याची बहीण
(तुझी नणंद राहिले की नाही, ते तू उद्या दारातून आत येशील तेव्हा कळेल)