बावीस जणांनी न विचारलेलं

पोर्ट हॅडन, कॅनडा
रविवार, २३ ऑक्टोबर १८५९

प्रिय जोएल,

तुझा मफलर माझ्याकडे राहिला आहे. करड्या लोकरीचा, लाल काठाचा. काल शेवटचा गडी बाद झाला तेव्हा बर्फ इतका दाट पडत होता, की तुम्ही अकरा जण बॅटी बगलेत मारून थेट गाडीकडे पळालात आणि मी मैदानात तसाच उभा राहिलो, तुझा मफलर गळ्यात घालून. माझ्या लक्षात आलं तेव्हा गाडी गिरणीच्या वळणाशी पोचली होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी मारली नाही. पत्राला निमित्त म्हणून एवढं पुरे, पण खरं कारण दुसरं आहे. ते लिहायचा धीर होतो की नाही, ते लिहिता लिहिता मलाच कळेल.

मी म्हणजे तू ज्या टोकाकडून गोलंदाजी करत होतास तिथला पंच. लांब पांढरा कोट, पांढरी दाढी, डाव्या पायाने जरा लंगडणारा. गावात मला सगळे 'चाकवाले' म्हणतात, कारण गेली अठरा वर्षं मी इथे गाड्यांची चाकं बनवतो. खरं नाव काय, हे कोणी विचारत नाही. मूळचा मी तुझ्याच मुलखातला, नॉटिंगहॅमकडचा, जिथे घराघरांत मोजे विणायचे माग खडखडतात. इथे तळ्याकाठी पहाटे इतकी शांतता असते, की पहिली दोन वर्षं मला त्या खडखडाटावाचून झोप यायची नाही.

सप्टेंबरात तुमच्या सामन्याचं पत्रक छापून आलं आणि डॉक्टर पेलनी ते माझ्या कारखान्याच्या दारावर चिकटवलं. इंग्लंडचे अकरा विरुद्ध पोर्ट हॅडनचे बावीस! पेल हे गावचे डॉक्टर आणि बाविसांचे कप्तान. मला म्हणाले, "चाकवाले, तुम्हाला नियम पाठ आहेत आणि पळता येत नाही. पंचाला आणखी काय लागतं?" मी हसलो आणि पत्रकावरची नावं वाचू लागलो. नववं नाव होतं जे. स्कॉथर्न. मी दारातच एका न जोडलेल्या चाकावर बसलो. डॉक्टर नाडी बघायला धावले. त्यांना सांगितलं, उन्हानं झालं. त्या दिवशी ऊन नव्हतं.

गुरुवारी सकाळी तळ्यावरून धुकं आलं होतं, आठवतं? समोरच्या टोकाच्या यष्ट्यासुद्धा मला अंदाजाने दिसत होत्या, आणि आमचे बावीस जण मैदानभर असे उभे होते, जणू रात्रीतून उगवलेली झाडं. तू नवव्या क्रमांकावर आलास. धुक्यातून आधी टोपी दिसली, मग खांदे, मग चालणं. चेहरा दिसायच्या आधीच मी ओळखलं. चालताना तू उजवा खांदा किंचित पुढे काढतोस. आमच्या वडिलांची ती सवय होती आणि जन्मभर माग चालवून ती त्यांना लागली असं आम्ही म्हणायचो. तू माग कधी चालवला नाहीस असं ऐकलं. मग ती तुझ्याकडे कुठून आली?

आता तू हा कागद खाली ठेवला असशील. ठेवला असलास तर परत उचल बाबा, एवढं ऐक.

तुझ्या सहा धावा झाल्या होत्या. आमच्या लोहाराच्या थोरल्या मुलाने टाकलेला चेंडू तुझ्या बॅटची कड घेऊन यष्टिरक्षकाच्या हातात गेला. आवाज अगदी बारीक झाला, सुकी काटकी मोडावी तसा. मी तो ऐकला. तूही ऐकलास, कारण तुझी मान खाली गेली. आणि कोणीच काही बोललं नाही! यष्टिरक्षकाला वाटलं गोलंदाज विचारेल, गोलंदाजाला वाटलं यष्टिरक्षक विचारेल, आणि बाकीच्या विसांना वाटलं की एवढे जण असताना आपण कशाला तोंड उघडा. अकरा असते तर कोणीतरी नक्की ओरडलं असतं. बावीस होते म्हणून राहून गेलं. नियम तुला ठाऊक आहे. कोणी विचारल्याशिवाय पंचाने बाद द्यायचं नाही, मग डोळ्यांदेखत यष्ट्या का उडेनात. मी हात खिशात घट्ट धरून उभा राहिलो आणि मनातून इतका सुखावलो, की लाज वाटली. पुढच्याच चेंडूवर एक धाव काढून तू माझ्या टोकाला आलास आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणालास, "काय बाबा, कान ठीक आहेत ना?" मी म्हणालो, "ठीक आहेत." "मग?" "कोणी विचारलं नाही." तू हसलास. आपल्याकडची पोरं कुठल्याही पांढऱ्या दाढीला 'बाबा' म्हणतात, हे मला माहीत आहे, मीही म्हणायचो. तरी तो शब्द मी दिवसभर तोंडातल्या खडीसाखरेसारखा घोळवत राहिलो. त्यानंतर तू तास-दीड तास खेळलास, एकतीस केल्यास, आणि आपल्या दोघांत एक गुपित होतं जे आणखी कोणालाच माहीत नव्हतं.

शुक्रवारी आमचे बावीस फलंदाजीला आले आणि बर्फ सुरू झाला. ऑक्टोबरात इतका बर्फ मी इथे पाहिला नव्हता. क्षेत्ररक्षक ओव्हरकोट घालून, हातमोजे चढवून उभे, आणि मधे तू एकटा सदऱ्यावर. पहिल्या षटकाआधी मफलर काढून तू माझ्या हातात दिलास. मी तो हातावर टाकला, तर म्हणालास, "हातावर काय ठेवता बाबा, गळ्यात घाला. काकडून मेलात तर दुसरा पंच कुठून आणू?" मी घातला, आणि शनिवारीही तसंच झालं. शेवटच्या ओळीत कडेला एक टाका उलटा पडलेला होता. बोटाला लागताच मी समजलो की हा कोणी विणला. तबिता, तुझी आई, प्रत्येक विणकामात शेवटचा एक टाका मुद्दाम चुकवते. म्हणायची, "सगळं सरळ झालं की काम संपलं. थोडं चुकलेलं राहिलं की माणूस पुन्हा विणायला बसतं." अजूनही म्हणते का?

गोलंदाजाचा हात खांद्याच्या वर जातो का हे पंचाने बघायचं असतं. त्यामुळे दोन दिवस तुझ्याकडे टक लावून बघणं हे माझं कामच होतं आणि त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. चेंडू सोडताना तू जिभेचं टोक बाहेर काढतोस. तीन वर्षांचा असताना चुलीपुढे बसून लाकडी घोड्याला दोरी बांधायचास तेव्हाही काढायचास. बर्फात आवाज विरतात. चेंडू पडल्याचा आवाज नाही, पळण्याचा नाही, पांढऱ्यात पांढरी माणसं हलताहेत, आणि त्यातून फक्त तुझी आरोळी यायची, "हाउज दॅट, बाबा?" नऊ वेळा तू मला विचारलंस. मी पाच वेळा बाद दिलं, चार वेळा नाबाद. एकदाही तुझ्या बाजूला झुकलो नाही, हे शपथेवर सांगतो. आठव्या आरोळीला नाबाद दिलं तेव्हा तू चिडून म्हणालास, "तुमचं माझं काही जुनं वैर आहे का हो?" आणि आमचे डॉक्टर खो खो हसले. मला वाटत होतं, हा सामना असाच चालू राहावा, बर्फ पडत राहावा, पोर्ट हॅडनचे बावीस काय, दोनशे वीस फलंदाज यावेत, आणि तू विचारत राहावंस. एकवीस वर्षांत मला इतक्या वेळा कोणी काही विचारलं नव्हतं.

पण शुक्रवारी दुपारी जेवणाच्या तंबूत जे झालं, ते सांगायलाच हवं. शेगडीपाशी आपण सगळे हरणाचं भाजलेलं मांस खात बसलो होतो. मिसेस पेल स्वभावाप्रमाणे सगळ्यांची चौकशी करत होत्या. तुझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुमच्या घरी कोण कोण असतं हो?" तू म्हणालास, "आई आहे. वडील मी चार वर्षांचा असताना अमेरिकेला निघाले आणि बोटीवरच तापाने गेले." त्या "अरेरे" म्हणाल्या आणि तू खांदे उडवून म्हणालास, "मला काही आठवत नाहीत ते. गाणं बरं म्हणायचे म्हणे." मी तुझ्यापासून तीन माणसं सोडून बसलो होतो. काटा हातातच राहिला. आपल्याच मरणाची बातमी आपल्याच मुलाच्या तोंडून ऐकायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. झाकली मूठ म्हणतात ना, तशी ती झाकून पुन्हा मैदानावर गेलो.

तुझ्या आईवर रागावू नकोस, जोएल. ती खोटं बोलली ते तुझ्यासाठी. मी बोटीवर मेलो नाही. धडधाकट उतरलो आणि पहिला हिवाळा लाकूडतोड्यांच्या तळावर काढला, एका खोपटात सोळा जण. तिथून मी तबिताला पत्र लिहिलं की मी घर बांधलंय, दोन खोल्या, तळ्याकडे खिडकी. कसलं घर आणि कसली खिडकी! तिला बरं वाटावं म्हणून लिहिलं, आणि थोडं मलाही बरं वाटावं म्हणून. वसंतात तिचं उत्तर आलं. चारच ओळी. घर झालंय तर आम्ही दोघं येऊ का, एवढंच तिने विचारलं होतं. ते पत्र मी खिशात घेऊन फिरलो. घर नाही हे लिहायची लाज वाटली. म्हटलं, आधी खरंच बांधतो आणि मग लिहितो. त्या उन्हाळ्यात पायावर ओंडका पडला. पुढच्या वर्षी उशीर झाल्याची लाज वाटू लागली, त्याच्या पुढच्या वर्षी त्या लाजेचीच लाज. मी दुसरं लग्न केलं नाही, दारू धरली नाही, कोणाचं वाईट केलं नाही, आणि हे सगळं मी स्वतःला रोज ऐकवत आलो. पण तिने सरळ विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं नाही. न लिहिणाऱ्या बापापेक्षा मेलेला बाप मुलाला बरा, असं तिला वाटलं असेल. तिचं काही चुकलं असं मला म्हणवत नाही.

घर नंतर बांधलं. दोन खोल्या आहेत आणि खिडकी तळ्याकडेच आहे. आता त्या खिडकीपाशी बसून लिहितोय. बाहेर बर्फ थांबला आहे आणि मैदानावर तुमच्या पावलांचे खड्डे अजून दिसतात. त्यांतला तुझा माग मला ओळखता येतो, गोलंदाजीच्या शेवटच्या पावलाला तू टाच फार जोराने रोवतोस. त्याने गुडघा दुखेल. जरा जपून टाक.

बाविसांपैकी एकानेही विचारलं नाही म्हणून तू गुरुवारी वाचलास. तुझ्या आईच्या त्या पत्रानंतर मलाही कोणी विचारलं नाही, म्हणून मीही तसाच इतकी वर्षं वाचलो. तुझ्या कप्तानाने सांगितलं की तुम्ही गुरुवारपर्यंत मॉन्ट्रियलला आहात आणि शनिवारी सकाळी क्वेबेकहून तुमची बोट सुटते. हे पत्र उद्याच्या टपालाने जाईल, म्हणजे तुला वेळेवर मिळेल. मागोमाग बुधवारच्या गाडीने मी निघतो. शनिवारी उजाडल्यापासून मी क्वेबेकच्या धक्क्यावर, तुमच्या बोटीच्या शिडीपाशी उभा असेन. मफलर गळ्यातच असेल, म्हणजे गर्दीत ओळखू येईन. तो पाठवूनही देता आला असता, पण मी स्वतः घेऊन येतोय, एवढंच सांगायला हे पत्र लिहिलं. तू आलास आणि काही न बोलता तो माझ्या गळ्यातून काढून घेतलास, तर मी एक अक्षर बोलणार नाही. बोट दिसेनाशी होईपर्यंत थांबेन आणि परत येईन. तुझ्या आईला हे सांगायचं की नाही ते तू ठरव. पण शिडी चढायच्या आधी तुला काही विचारावंसं वाटलं, काहीही, कितीही वाईट शब्दांत, तर विचार. या वेळी उत्तर देईन. आणि ते उत्तर 'बाद' असंच असेल, हे मला ठाऊक आहे, तरी तू विचारावंस अशी फार इच्छा आहे.

तुझाच,
रूबेन स्कॉथर्न