नोव्हेना तुला, मत तिला

३ जानेवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा दादा वॉर्डाच्या निवडणुकीला उभा राहिलाय. आपल्या लाँड्रीच्या शटरवर माझा फोटो लागलाय. तुझी वहिनी म्हणते, हरवलेल्या माणसासारखा दिसतो. माझ्याविरुद्ध सुईणबाई उभ्या आहेत. अर्धा वॉर्ड त्यांच्याच हातात जन्मलेला, त्यांना प्रचार कशाला लागतोय! मीही दणकून आश्वासन दिलंय, बाजाराच्या व्हरांड्यात झोपणाऱ्यांना हाकलणार. टाळ्या पडतात. फादरना म्हटलं, रविवारच्या मिस्सेत प्रार्थनेच्या वेळी माझं नाव घ्या. ते म्हणाले, सद्सद्विवेकबुद्धीला विचारून मत द्या, एवढंच सांगेन. तुझं नाव अजून इथल्याच यादीत आहे. माझ्यासाठी नऊ दिवस प्रार्थनेची नोव्हेना कर आणि मत द्यायला ये.

तुझा उमेदवार,
दादा

९ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नोव्हेना सुरू केली. मत मात्र सुईणबाईंना देणार. दार वाजवणाऱ्या कुणालाही आई ताट वाढायची. येशू कुठल्या वेशात येईल सांगता येत नाही, म्हणायची. तू त्यालाच हाकलणार? आश्वासन मागे घे, आनंदाने तुझं बटण दाबते. सख्ख्या भावाविरुद्ध मत द्यायचं म्हणून पापनिवेदनाला जाऊन आगाऊ क्षमा मागितली, तर जाळीपलीकडे आमचे फादर इतके हसले की मागची बाई रांग सोडून गेली. म्हणाले, जे पापच नाही त्याची क्षमा कुठून आणू? गुडघे उगाच दुखवून घेतले.

लोभ असू दे, निदान मतमोजणीपर्यंत.
चिमणी

१३ जानेवारी

चि. चिमणीस,
एकच आशीर्वाद.

आश्वासन मागे घेतलं तर पडेन. मतदानाला जरूर ये, पण घरी उतरू नकोस. सुईणबाईंकडे बाळंतिणीची खाट रिकामी असेल.

दादा

२१ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मतदानाच्या दिवशी पहाटेच्या गाडीने उतरले. तुझं दार वाजवायचं नाही, म्हणून व्हरांड्यात बसले. कुडकुडताना पाहून तिथल्या एका म्हातारीने अंगावर ब्लँकेट टाकलं. कोपऱ्यात लाल दोऱ्याची खूण, आपल्या लाँड्रीची! ती म्हणाली, लाँड्रीवाला दर थंडीत कुणी न नेलेली पांघरुणं आणून देतो. यंदा मात्र निवडणूक होईपर्यंत बोलू नका म्हणालाय. दादा, लोक पुण्य मिरवतात आणि पाप लपवतात. तू उलटंच केलंस की रे! हसू आवरेना, मग रडूही. तरी मत सुईणबाईंनाच दिलं. ते तुझ्या भाषणाच्या विरोधात होतं, तुझ्या नव्हे.

आता दार उघडशील?
चिमणी

२६ जानेवारी

चि. चिमणीस,
पुन्हा अनेक आशीर्वाद.

पडलो. तुझ्या वहिनीनेही सुईणबाईंनाच मत दिलं, वर तोंडावर सांगते. माझं म्हणशील तर मशीनसमोर बराच वेळ उभा होतो. एकीकडे माझं नाव, दुसरीकडे त्या म्हातारीचं तोंड. बाहेर ताटकळलेले लोक खोकायला लागले, तेव्हा बटण दाबलं. कुठलं, ते फादरनीही विचारलं नाही. तूही विचारू नकोस. मतदान गुप्त असतं. नोव्हेना मात्र तू मनापासून केली होतीस, एवढं कबूल.

घरी ये, खाट घातली आहे. म्हातारीचं ब्लँकेट धुवायला आणलंय. कोपऱ्यातली खूण उसवली होती. या वेळी चांगली मोठी घातली.

तुझा पडेल,
दादा