पवनचक्की थांबली ती दुपार

प्रिय आई,

पाया पडते. मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं.

मी ज्या पवनचक्क्या दुरुस्त करते, त्यातल्याच एकीखाली खोली मिळालीये. घरमालकीण मावशी शिवणकाम करतात. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "सारखी घूं घूं. डोळ्याला डोळा लागत नाही गं." मी हसण्यावारी नेलं. आता माझीही झोप उडालीये, पण ते असू दे.

काल दुरुस्तीसाठी ती चक्की बंद केली. दुपारी घरी आले, तर मावशी शिलाई मशीनवरच डोकं टेकून गाढ झोपलेल्या. मी चपला हातात घेऊन आत गेले. तुझी फार आठवण आली. तुझे गुडघे कसे आहेत?

संध्याकाळी साहेबांना म्हटलं, "रात्रीपुरती तरी बंद ठेवू या."

"वरच्यांना विचारावं लागेल," ते म्हणाले. मग चक्की पुन्हा सुरू करायचं बटण मलाच दाबावं लागलं. घरी आले, तर मावशी एवढंच म्हणाल्या, "हात धू, जेवायला बस."

आई, बाबांच्या घोरण्यावर मी किती चिडायचे! ते झोपलेले असताना एकदा फोन कर. काही बोलू नकोस, नुसता त्यांच्याजवळ धर.

तुझीच,
धाकटी